संघाचा सदरा कोणाच्या मालकीचा?

खेळाडूच्या अंगावरील सदरा नेमका कोणाचा? तो घालणाऱ्याचा, देणाऱ्या मंडळाचा, की कुंपणाबाहेर बसून घसा कोरडा करून घेणाऱ्या प्रेक्षकाचा? प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. परंतु २०१९ च्या जून महिन्यात तो आपल्या देशात चांगलाच गाजला. विश्वचषक स्पर्धेत यजमान इंग्लंडचा आणि आपला, दोघांचाही पोशाख निळा. दोन्ही संघ मैदानावर सारखे दिसू नयेत म्हणून पाहुण्यांनी रंग बदलावा, असे ठरले. त्याप्रमाणे ३० जून रोजी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर भारतीय संघ नारिंगी आणि गडद निळ्या पोशाखात उतरला.

सामना सुरू होण्यापूर्वीच वादाला तोंड फुटले होते. मुंबईत आमदार अबू आझमी यांनी या रंगामागे राजकारण असल्याचा आक्षेप घेतला. उलट पक्षाने रंगाचे समर्थन केले. ज्यांना राजकारणाशी कर्तव्य नव्हते, त्यांना तो पोशाख पेट्रोलपंपावरील कर्मचाऱ्यांसारखा दिसला. भारत तो सामना ३१ धावांनी हरला, आणि स्पर्धेतील तो आपला पहिलाच पराभव असल्यामुळे काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी, मला अंधश्रद्ध म्हणा, पण विजयाची मालिका या सदऱ्यानेच खंडित केली, अशा आशयाचे उद्गार काढले. इंग्लंडने ३३७ धावा काढल्या त्या आपल्या गोलंदाजीवर, आणि रोहित शर्माने १०२ धावा काढल्या त्या त्याच नारिंगी सदऱ्यात! पण हे लक्षात कोण घेतो? हरल्यावर माणूस कारण शोधतो, आणि कापड बिचारे उत्तर देत नाही.

रंगीत कपड्यांची ही कथा सुरू झाली ऑस्ट्रेलियात. केरी पॅकर या धनाढ्य गृहस्थाने स्वतःची क्रिकेट मालिका काढली आणि १९७९ च्या जानेवारीत खेळाडूंना रंगीत कपडे चढविले. ऑस्ट्रेलियाला पिवळा, वेस्ट इंडीजला चक्क गुलाबी! दणकट वेगवान गोलंदाज गुलाबी कपड्यांत धावत येत आहेत, हे दृश्य जुन्या रसिकांना सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी या प्रकाराला 'पायजमा क्रिकेट' असे कुचेष्टेचे नाव दिले. (आमच्या बेळगाव भागात पायजमा हा अनेक वर्षे शिक्षकाचा प्रतिष्ठित पोशाख होता. तेव्हा या नावात हिणविण्यासारखे काय आहे, हे आम्हां मास्तरमंडळींना कळणे जरा कठीणच.)

पांढऱ्या कपड्यांचे वैभव आपल्याकडे सहजासहजी ओसरले नाही. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला तो पांढऱ्याच कपड्यांत. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १० मार्च १९८५ रोजी, सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखालील संघाने मेलबर्नला पाकिस्तानला आठ गडी राखून हरविले, तेव्हा अंगावर फिकट निळा आणि पिवळा पोशाख होता. रवी शास्त्री यांना बक्षीस मिळालेल्या ऑडी मोटारीवर बसून सारा संघ मैदानात फिरला. त्या छायाचित्रातील कपडे आज पाहावेत तर थोडे गमतीदारच दिसतात. पण मराठी घरांतून त्या वेळी कपड्यांची कुरकूर झाल्याचे मला स्मरत नाही. जिंकणाऱ्याला सारे शोभते, असा निष्कर्ष यावरून निघतो खरा. तो बरोबर मात्र नाही.

कारण १९९२. विश्वचषकाची ती पहिलीच रंगीत स्पर्धा. सर्व संघांची बेतणी एक, रंग तेवढे निराळे. न्यूझीलंडच्या वाट्याला राखाडी, आपल्याला गडद निळा आणि खांद्यांवर रंगीबेरंगी पट्टे. आपल्या संघाने आठ सामन्यांत जेमतेम दोन जिंकले आणि तो उपान्त्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही. तरीही त्या सदऱ्याइतके प्रेम दुसऱ्या कोणत्या सदऱ्याला मिळाले असेल, असे मला वाटत नाही. पहाटे उठून, पांघरूण गुंडाळून दूरदर्शनसमोर बसलेल्या पिढीने त्याच सदऱ्यात, सिडनीला पाकिस्तानविरुद्ध, अठरा वर्षांचा सचिन तेंडुलकर नाबाद ५४ धावा काढताना पाहिला. २०२० च्या नोव्हेंबरात भारतीय संघाने त्याच धर्तीचा पोशाख पुन्हा घातला, तेव्हा सिडनीचा पहिला सामना आपण ६६ धावांनी हरलो, आणि मालिकाही गमावली. या वेळी सदऱ्याला कोणी बोल लावला नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये नेमके हेच घडले, आणि तेही त्याच सुमारास. १९९१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघात पहिल्या वर्षाचे पाच विद्यार्थी एकदम आले. त्या काळच्या आखूड, घट्ट चड्ड्या त्यांनी नाकारल्या आणि गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या, ढगळ चड्ड्या व काळे मोजे घातले. माजी विद्यार्थ्यांनी संतापाची पत्रे धाडली. हा संघ १९९२ आणि १९९३ असा दोन्ही वर्षी अंतिम सामना हरला. पुढे पैशांच्या गैरव्यवहारामुळे २००२ मध्ये विद्यापीठाने त्यांचे अनेक विजय अधिकृत नोंदींतून काढून टाकले, पताका उतरविल्या. राहिल्या त्या चड्ड्या! काही वर्षांतच तो साऱ्या खेळाचाच पोशाख झाला.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हे प्रेम अधिक उघड दिसते. तेथील फुटबॉल संघ तालमींचे: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल. संघाचा रंग म्हणजे पेठेचा रंग. तेथे सदऱ्याच्या बेतणीवर टीका करायची तर बोलणाऱ्याने आधी आपली पेठ सांगावी लागते.

प्रेक्षकांचा हा हक्क मला मान्य आहे. परंतु या गलबल्यात ज्याच्या अंगावर तो पोशाख आहे, त्याला मात्र कोणी विचारीत नाही. २०१४ मध्ये चीनमधील वुहान येथे आशिया चषकात अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या आपल्या बास्केटबॉलपटूंना नियमावर बोट ठेवून पगड्या उतरवायला लावल्या. देशात आणि देशाबाहेर निषेधाचा आवाज उठला. नियम बदलला, पण त्यासाठी २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. रंग आवडला नाही म्हणून ओरडणारा प्रेक्षक खेळाडूच्या मानासाठीही ओरडतो, हे त्यातून दिसले.

हिंडलगा परिसरात हा प्रश्न आम्हांला मुलींच्या कबड्डीच्या निमित्ताने भेडसावतो. चुडीदार घालून, ओढणी कमरेला गुंडाळून चढाई करणारी मुलगी पकडीत सापडते ती बऱ्याचदा कपड्यामुळे. एका वर्षी मुलींना सदरा आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी द्यायचे ठरले, तेव्हा पालकसभेत बरीच कुजबूज झाली. वडील मंडळी गप्प बसली. बोलले ते काके-मामे. अखेर मागच्या बाकावरून एका मुलीची आजी उठली. आपण साऱ्याजणी लुगड्याचा कासोटा मारून, ते गुडघ्याच्या वर खोचून भाताच्या लावणीला चिखलात उतरत होतो, तेव्हा बांधावरच्या पुरुषांनी कधी हरकत घेतली नाही, असे तिने ठणकावून सांगितले. सभा तेथेच संपली.

रंग कोणता, यावर मात्र शिक्षकांत दोन दिवस चर्चा चालली. निळा म्हणजे देशाचा, असे एकाचे मत; पिवळा लांबून दिसतो, असे दुसऱ्याचे. शेवटी मुलींनाच विचारले. त्यांनी विटकरी रंग मागितला. आपल्या तांबड्या मातीचे डाग त्यावर दिसत नाहीत, आणि घरी धुणे आपल्यालाच धुवावे लागते, असे कर्णधार मुलीने सांगितले.