झोतावर चालणारे सुकाणू

लखनौच्या गोमतीला यांत्रिक नौका नवी नाही. अवधचे शासक गाझीउद्दीन हैदर यांच्यासाठी १८१९ साली याच नदीवर एक सहलीची नौका बांधण्यात आली. तिच्यात इंग्लंडमधील बटर्ली कारखान्याचे आठ अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन बसविलेले होते आणि वाफेवर चालणारी भारतातील पहिली नौका म्हणून तिचा उल्लेख केला जातो. पुढे १८५८ साली फेलिस बिआतो या छायाचित्रकाराने छत्तर मंझिल राजवाड्याचे जे छायाचित्र घेतले, त्यात माशाच्या आकाराची राजनौका नदीत उभी असलेली दिसते. या शाही नौकांच्या आगेमागे मल्लाहांच्या साध्या, सपाट तळाच्या होड्या चालत आल्या आहेत. उथळ पाण्यात ‘लग्गी’ म्हणजे लांब बांबू नदीच्या तळाला टेकून होडी ढकलायची आणि खोल पाण्यात वल्ह्याने तिचे तोंड वळवायचे, ही त्यांची रीत.

मल्लाहाला एक गोष्ट कोणी न शिकविता ठाऊक असते. प्रवाहाबरोबर, प्रवाहाच्याच वेगाने वाहत जाणारी होडी सुकाणूला दाद देत नाही. सुकाणू ही एक फळी आहे. तिच्या अंगावरून पाणी वाहत असेल, तरच ती तिरपी केल्यावर त्या पाण्याचा दाब एका बाजूस अधिक पडतो आणि होडीची पिछाडी सरकते. होडी आणि पाणी यांच्या वेगात फरकच नसेल, तर फळी कितीही फिरविली तरी व्यर्थ. म्हणून प्रवाहात सापडलेला नावाडी आधी वल्ही मारून होडीला पाण्यापेक्षा अधिक वेग देतो आणि मग ती वळवितो. उभे राहून चालवावयाच्या जेट-स्कीचा विचार करताना हा अनुभव मनाशी धरून ठेवणे उपयोगी ठरते, कारण या यानात तोच नियम अधिक कडक रूपात भेटतो.

जेट-स्कीला पाण्यात बुडालेले सुकाणू नाही आणि उघडा पंखाही नाही. तिच्या तळाला जाळी लावलेले एक तोंड असते. इंजिनाने फिरणारा, नळीत बंदिस्त असा पंखा त्या तोंडातून पाणी आत खेचतो आणि मागच्या निमुळत्या तोटीतून ते जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे फेकले गेले की यान पुढे जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम होय. ही युक्ती व्यवहारात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे न्यूझीलंडमधील बिल हॅमिल्टन यांना दिले जाते. कँटरबरी प्रांतातील नद्या वेगवान, पण गोट्यांनी भरलेल्या व उथळ. तेथे तळाखाली लोंबणारा पंखा टिकणे शक्य नव्हते. १९५०च्या दशकात हॅमिल्टन यांनी प्रथम झोत नौकेच्या तळाखालून सोडून पाहिला; परंतु वेग बेताचाच मिळाला. तोच झोत पाण्याच्या पातळीच्या वरून मागे सोडल्यावर नौका कितीतरी वेगाने धावू लागली. भारतीय वाचकाला या नौकांची ओळख १९७७ साली झाली. त्या वर्षी सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून हिमालयाकडे गंगा उलटी चढत जाण्याची मोहीम अशाच जेट नौकांतून काढली. हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन हेही तीत होते. कैथीजवळ गोमती गंगेला मिळते. तो संगम ओलांडून, वाराणसी व हरिद्वार मागे टाकून या नौका अलकनंदेत नंदप्रयागच्या जवळपास पोचल्या आणि तेथे एका धबधब्याने त्यांची वाट अडविली.

हेच तत्त्व एका माणसापुरत्या यानात आणले ते क्लेटन जेकबसन या अमेरिकनाने. जपानच्या कावासाकी कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी ते बाजारात आणले. ‘जेट-स्की’ हे वस्तुतः तिचे व्यापारी नाव. पुढे ते बोलण्यात सगळ्याच यानांना लागू झाले. उभ्याने चालवायच्या प्रकारात बसण्याची जागा नसते. मागे पन्हळासारखा उघडा खोलगट भाग असतो, त्यात स्वार उभा राहतो. पुढे बिजागरीवर वरखाली होणारा एक लांब दांडा असतो व त्याच्या टोकाला हँडल. हँडल फिरविले की केबलमार्फत मागची तोटी फिरते. हँडल उजवीकडे वळविले तर झोतही उजवीकडे मागे जातो, त्याच्या प्रतिक्रियेने यानाची पिछाडी डावीकडे ढकलली जाते आणि तोंड उजवीकडे वळते. म्हणजे या यानाचे सुकाणू म्हणजे झोतच. झोत नाही तर सुकाणू नाही.

किती नाही, ते लहानशा हिशेबाने समजेल. समजा, यान नुकतेच सुटत आहे आणि पंखा सेकंदाला ४० लिटर पाणी सेकंदाला २० मीटर वेगाने मागे फेकीत आहे. त्यातून मिळणारा रेटा ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलोग्रॅम वजनाइतका होतो. तोटी २० अंशांनी वळविली, तर त्यातील सुमारे २७ किलोग्रॅमचा भाग पिछाडीला बाजूस ढकलण्याच्या कामी येतो. आता थ्रॉटल सोडला आणि पंख्याचे फेरे चौथाईवर आले असे धरू. पाणीही चौथाई आणि त्याचा वेगही चौथाई, म्हणून रेटा चौथाई न होता सोळावा हिस्सा होतो. ८०चे ५ किलोग्रॅम उरतात आणि वळविण्याच्या कामी पावणेदोन किलोग्रॅमसुद्धा येत नाहीत. हँडल तितकेच वळलेले आहे, हात तितक्याच जोराने दाबीत आहेत आणि यान मात्र सरळ चालले आहे.

रस्त्यावरच्या वाहनांनी माणसाला जी सवय लावली आहे ती येथे घातक ठरते. समोर काही आडवे आले की सायकलवाला व मोटारवाला वेग कमी करतो आणि मग बाजूला होतो. जेट-स्कीवरचा नवशिका तेच करतो. थ्रॉटल सोडतो, हँडल पूर्ण फिरवितो आणि ज्याला चुकवायचे त्याच्याच अंगावर जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे यान एका सेकंदात ११ मीटर अंतर कापते आणि त्याला ब्रेक नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली या लहान यानांच्या सुरक्षिततेवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात थ्रॉटल सोडल्यावर दिशानियंत्रण जाते या दोषाकडे विशेष लक्ष वेधले होते. त्यानंतर बसून चालवायच्या काही यानांत अशा प्रसंगी थोडा झोत आपोआप चालू ठेवणारी अथवा बाजूच्या लहान फळ्या पाण्यात उतरविणारी योजना आली. उभ्याच्या साध्या यानात स्वाराला स्वतःच्याच शिक्षणावर भिस्त ठेवावी लागते. हे शिक्षण फार अवघड नाही, पण ते मोकळ्या पाण्यात, मुद्दाम, अनेक वेळा घ्यावे लागते. तरंगता डबा बांधून ठेवावा, त्याच्या दिशेने जावे आणि थ्रॉटल न सोडता, किंबहुना किंचित वाढवून, वळून निघावे. हात ही गोष्ट बुद्धीपेक्षा उशिरा शिकतात.

झोत पिछाडी सरकवितो हे खरे, परंतु वळण घट्ट होते ते यानाच्या कडेमुळे. यान सपाट ठेवून केवळ हँडल फिरविले, तर ते पाण्यावरून बाजूला घसरते आणि वळण पसरट होते. स्वाराने शरीर वळणाच्या आतल्या बाजूस झुकविले की आतली कड पाण्यात रुतते व तेथे यानाला आधार मिळतो. येथे उभ्या यानाचा स्वार बसलेल्यापेक्षा भाग्यवान आहे, कारण त्याचे सारे वजन दोन पावलांवर असते आणि ते हवे तेव्हा पुढे-मागे नेता येते. वजन पुढे घेतले तर पुढची कडही पाण्यात उतरते आणि वळण आखूड होते. मागे टेकले तर तोंड उचलले जाऊन यान चपळ पण निसरडे होते. फारच पुढे झुकले तर तोंड एकाएकी पाण्यात घुसते आणि स्वार हँडलवरून पलीकडे जातो. गुडघे सैल ठेवावेत आणि हँडलला लोंबकळू नये, कारण तोल सावरण्यासाठी दिलेला प्रत्येक हिसका तोटीलाही पोचतो. अगदी मंद वेगात हे अरुंद यान उभ्या माणसाला पेलत नाही. म्हणून आरंभ गुडघ्यांवर बसून करावा आणि वेग आल्यावर उठावे.

यान नीट वळत नाही अशी तक्रार आली की हौशी माणूस आधी नवे सुटे भाग आणतो. हा क्रम उलटा आहे. प्रथम केबल पाहावी. गंज व गाळ यांनी ती जड झाली असेल किंवा तिच्यात सैलपणा आला असेल, तर हँडल फिरूनही तोटी उशिरा फिरते. हँडल सरळ असताना तोटी सरळ आहे ना आणि दोन्ही बाजूंना सारखीच वळते ना, हेही तपासावे. नंतर पंखा पाहावा. तो ज्या कड्यात फिरतो त्यात आणि पात्यांच्या टोकांत अगदी थोडीच फट असली पाहिजे. वाळूने ती वाढली, तर इंजिन गरजते, पाणी मात्र फटीतून मागे सरकते आणि झोत दुबळा पडतो. हे सर्व ठीक असेल, तरच बाजूच्या पट्ट्यांचा विचार करावा. पिछाडीजवळ दोन्ही कडांना लावलेल्या या पट्ट्या वळणात पाणी धरतात. त्या खाली बसविल्या तर पकड वाढते, वर बसविल्या तर यान मोकळे होते. पकड जितकी अधिक तितके चांगले, हा समज मात्र खरा नाही. फार पकडणारे यान वळणात अडखळून स्वाराला फेकून देते.

लाटांमध्ये यान उसळले की तळाचे तोंड क्षणभर हवेत येते, पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो आणि ऐन वळणात झोत नाहीसा होतो. पाणी आत वळविणारी पट्टी असलेली जाळी लावली तर हा दोष कमी होतो. पण गोमतीसारख्या नदीत हे यान चालवायचे, तर ती जाळी काळजीपूर्वक निवडावी लागेल. जलपर्णीचे देठ, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि घाटावरून सोडलेल्या हारांचे दोरे या पाण्यात नेहमीचेच, आणि आडव्या पट्टीवर त्यांना अडकण्यास जास्त जागा मिळते. एक मूठभर देठ तोंडावर बसले तरी पंख्याची उपासमार होते. इंजिनाचा आवाज चढलेला असूनही वेग पडत असेल, तर हीच शंका घ्यावी आणि अशा वेळी वळणाचा भरवसा धरू नये. उथळातही तेच. पाणी ६० ते ९० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तेथे थ्रॉटल ओढला, तर तळाची वाळूच पंख्यात जाते.

पहिल्या काळातील कावासाकी याने स्वार पडल्यावर मंद गतीने वर्तुळात फिरत त्याच्याजवळ परत येत. आज स्वाराच्या मनगटाला बांधलेली दोरी निघताच इंजिन बंद पडते. नाव, स्नान करणारे लोक व पुलांचे खांब यांच्यामधल्या अरुंद पाण्यात हेच बरे. जाळी साफ करतानाही आधी ही दोरी काढावी, इंजिन बंद असल्याची खात्री करावी, यान काठावर कलते करावे आणि मगच तळाच्या तोंडाकडे हात न्यावा.