डॉ. जस्टिन ॲबट : निवृत्त मिशनरी आणि आमचे संतकवी

मुरूडहून अंबाजोगाई काही लांब नाही. तेथील दासोपंतांची पासोडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, निदान ऐकली तरी असेलच. चाळीसएक फूट लांबीच्या खादीच्या कापडावर दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय ओवीबद्ध लिहून काढला. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' तर सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. एवढा थोर ग्रंथकार आपल्या शेजारचा, पण त्यांचे चरित्र इंग्रजीत कोणी नेले असे विचारले तर उत्तर देणारा विरळा. ते काम एका अमेरिकन पाद्रीबुवांनी केले, आणि केले तेही हिंदुस्थानातील नोकरी संपवून मायदेशी परतल्यावर. त्यांचे नाव रेव्हरंड डॉ. जस्टिन एडवर्ड्स ॲबट.

मिशनरी म्हटला की आपल्या मनात दोनच चित्रे उभी राहतात. एक शाळा-दवाखाने काढणाऱ्या परोपकारी माणसाचे, दुसरे धर्म बाटवणाऱ्याचे. ॲबट यांना यांपैकी कोणत्याही एका चौकटीत बसवता येत नाही, म्हणूनच त्यांच्याविषयी बोलावेसे वाटते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस उतरले. पुढे नगरकडे त्यांचा मोठा पसारा वाढला आणि १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' निघाले. जस्टिन ॲबट यांचे वडील एमस ॲबट याच मिशनचे. जस्टिन यांचा जन्म मात्र अमेरिकेतला, न्यू हॅम्पशायर संस्थानातील पोर्ट्समथचा, २५ डिसेंबर १८५३ रोजीचा. नाताळच्या दिवशी जन्मलेल्या मुलाने पाद्री व्हावे यात नवल नाही. १८८१ पासून १९१० पर्यंत त्यांनी मुंबईत मिशनचे काम केले. याच काळात, १८९५ साली, नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक पुढे सांगत. त्या पुलावरून अलीकडे येणारेही कोणी असतील हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नसावे.

१९१० मध्ये ॲबट निवृत्त झाले आणि न्यू जर्सीतील समिट या गावी राहू लागले. साहेब पेन्शनीत गेला म्हणजे त्याने बागेत खुर्ची टाकून शिकारीच्या आठवणी लिहाव्यात, असा आपला एक समज. ॲबटसाहेबांनी मात्र महिपतीच्या पोथ्या पुढे घेतल्या. १९२६ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, 'महाराष्ट्राचे संतकवी' या मालेचा पहिला भाग त्यांनी प्रसिद्ध केला. तो भानुदासांचा. पुढच्या वर्षी एकनाथ आले. त्यानंतर एकनाथी भागवतातील भिक्षुगीत, दासोपंत, बहिणाबाई, संतांच्या प्रार्थनांची स्तोत्रमाला, तुकाराम आणि १९३२ मध्ये रामदास. सहा-सात वर्षांत आठ ग्रंथ. ग्रंथकार समिटला आणि छपाई पुण्यात. त्या काळी टपाल बोटीने येई-जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या उद्योगाची कल्पना येते.

आता ही नावे पुन्हा एकदा सावकाश मोजून पाहा. भानुदास पैठणचे, एकनाथ पैठणचे. रामदासांचे जन्मगाव जांब, ते जालन्याकडचे. बहिणाबाई वेरूळजवळच्या देवगावची, तिची समाधी वैजापूर भागातल्या शिऊरला. दासोपंत आपल्या अंबाजोगाईचे, आणि तेथे येण्यापूर्वीची त्यांची तपश्चर्येची भूमी माहूर. मालेतले बहुतेक सारे मराठवाड्याचे! ॲबटांनी मराठवाडा ठरवून निवडला असे आमचे म्हणणे नाही, संतच येथे फार झाले. पण ज्या वर्षांत हे ग्रंथ निघत होते त्या वर्षांत मराठवाडा निजामी अमलाखाली होता. वरच्या वर्गांत शिकायचे तर उर्दूतून शिकावे लागे, उस्मानिया विद्यापीठाची भाषाही तीच. १७ सप्टेंबर १९४८ उजाडायला अजून पुष्कळ अवकाश होता. येथल्या मुलाला आपल्या भाषेत उच्च शिक्षण नव्हते आणि तिकडे अमेरिकेत एक म्हातारा पाद्री येथल्याच ओव्यांचा अर्थ लावीत बसला होता.

दासोपंतांचे चरित्र त्यांनी निवडावे याचे आम्हांला विशेष वाटते. कथा आपल्या परिचयाची आहे. वडिलांकडून सरकारचा वसूल थकला, म्हणून बेदरच्या बादशहाने मुलाला ओलीस ठेवून घेतले. मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाला आपल्या धर्मात घेऊ, असे बजावले. मुलाने दत्ताचा धावा केला. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक गडी पैसे घेऊन दरबारात हजर झाला, रक्कम चुकती केली आणि दिसेनासा झाला. धर्म जाईल म्हणून व्याकूळ झालेल्या मुलाची ही कथा. आणि ती इंग्रजीत आणणारा कोण, तर ज्याचे सारे आयुष्य लोकांना आपल्या धर्मात आणण्याच्या खटपटीत गेले तो. त्याने ही गोष्ट गाळली असती तर कोणी जाब विचारला नसता. त्याने ती गाळली नाही.

भाषांतराची त्यांची रीत साधी आणि काहीशी कठोर होती. ओवीमागून ओवी घ्यायची, तिचे गद्यात भाषांतर करायचे आणि ओवीचा आकडा तेथेच घालायचा. म्हणजे ज्याला मूळ पोथी ताडून पाहायची असेल त्याला ती क्षणात सापडावी. यात ओवीचा डौल गेला हे खरे. महिपतीची रसाळ वाणी या इंग्रजीत पुष्कळदा पंचनाम्यासारखी वाटते. तुकोबांचे इंग्रजी याआधी फ्रेझर आणि मराठे यांनी केले होते, मॅकनिकल यांनी १९१९ मध्ये संतांच्या निवडक अभंगांना पद्यरूप दिले होते. गोडवा हवा असेल त्याने मॅकनिकल वाचावा. पण मूळ माणूस काय म्हणाला हे जसेच्या तसे हवे असेल तर ॲबटांच्या आकड्यांवर विसंबता येते. गोडव्यापेक्षा ही विश्वासूपणाची जात आम्हांला अधिक मोलाची वाटते, विशेषतः दुसऱ्या धर्माच्या ग्रंथांना हात घालणाऱ्याच्या ठिकाणी.

बहिणाबाईच्या बाबतीत तर या रीतीचे चीज झाले. तुकोबांची ही शिष्या ब्राह्मण घरची. नवऱ्याचा मार, वासराचा लळा, पूर्वजन्मींच्या आठवणी हे सारे तिने स्वतः अभंगांत सांगितले. सतराव्या शतकातील बाईने सांगितलेले आत्मचरित्र जगाच्या वाङ्मयात शोधावेच लागेल. १९२९ मध्ये ॲबटांनी ते इंग्रजीत आणले. तेव्हापासून परदेशी अभ्यासकांना बहिणाबाई ठाऊक झाली ती मुख्यतः या पुस्तकातून. पुढे दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी या मालेतले काही भाग पुन्हा छापले.

यामागे धर्मप्रचाराचा हेतू नव्हता काय? असेल. हिंदू माणसाचे मन कळल्याशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही हे मिशनऱ्यांतील जाणत्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, दासोपंत गेल्याच्या पुढच्याच वर्षी! स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत घातली ती मराठी लोकांसाठी. ॲबटांचा प्रवास उलट्या दिशेचा. मराठी ओवी त्यांनी इंग्रजी वाचकांपुढे नेली, आणि त्या वाचकाला ख्रिस्ती करण्याचा प्रश्न नव्हता. तो बहुधा आधीच ख्रिस्ती होता.

१९ जून १९३२ रोजी समिट येथे ॲबट वारले. महिपतीचा 'भक्तविजय' तेव्हा छापून निघायचा होता. या कामात त्यांचे साथीदार होते पंडित नरहर गोडबोले. दोघांच्या नावाने 'भक्तविजया'चे दोन भाग १९३३ आणि १९३४ मध्ये निघाले आणि १९३५ मध्ये 'भक्तलीलामृता'चा भाग आला. मालेचा बारावा ग्रंथ ज्ञानेश्वरांवरचा. तो जे. एफ. एडवर्ड्स या दुसऱ्या मिशनऱ्यांनी लिहिला आणि १९४१ साली पुण्यात प्रसिद्ध झाला.