पितळ, पोलाद आणि अडकणारी पुंगळी

बोलताना आपण ज्याला 'बंदुकीची गोळी' म्हणतो ते खरे तर काडतूस असते. त्याचे चार भाग असतात: पुढची गोळी, तिच्यामागची दारू, दारू पेटवणारी टोपी आणि या तिघांना एकत्र धरणारी धातूची पुंगळी. बार उडाला की गोळी निघून जाते आणि पुंगळी बंदुकीतच राहते. ती बाहेर पडली तरच पुढचे काडतूस आत जाऊ शकते. म्हणजे पुंगळी अडकली की बंदूक थांबली.

ही पुंगळी बहुधा पितळेची असते. त्यात सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. पोलाद तांब्यापेक्षा कितीतरी पट स्वस्त आहे. दोन्ही महायुद्धांत तांब्याची टंचाई झाली तेव्हा जर्मनीने पोलादी पुंगळ्या वापरल्या. सोव्हिएत संघाने तर १९४३च्या आपल्या नव्या काडतुसासाठी पुढे पोलादच कायम केले. पण अशी स्वस्त काडतुसे काही बंदुकांत बिनतक्रार चालतात आणि काही बंदुकांत अडकतात. असे का व्हावे? याचे उत्तर अकरावीच्या पुस्तकातील स्थितिस्थापकतेच्या धड्यात सापडते.

फुगायचे आणि आकसायचे

काडतूस बंदुकीच्या ज्या पोकळीत बसते तिला चेंबर म्हणतात. काडतूस सहज आत जावे म्हणून चेंबर पुंगळीपेक्षा किंचित मोठे ठेवतात. दारू पेटली की आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साडेतीन हजार पट होतो. पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. हे तिचे पहिले काम, कारण त्यामुळे तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो. आता पुंगळीने थोडे आकसून भिंतीपासून सुटायचे असते. हे दुसरे काम. मग आकडा तिला कडेला धरून मागे ओढतो.

ती किती आकसेल? धातू जेवढा ताण सोसून पुन्हा मागे येऊ शकतो, त्या प्रतिबलाला यंगच्या गुणांकाने भागले की मागे येणारी विकृती मिळते. पितळेचा यंगचा गुणांक सुमारे १,१०,००० मेगापास्कल आहे, पोलादाचा सुमारे २,००,०००. दोन्ही पुंगळ्या ४०० मेगापास्कलपर्यंत तग धरतात असे समजू या. मग पितळ ०.३६ टक्के मागे येईल, पोलाद फक्त ०.२ टक्के. पुंगळीचा व्यास ९.६ मिलिमीटर धरला तर पितळेची पुंगळी सुमारे ०.०३५ मिलिमीटर आकसते आणि पोलादाची ०.०१९. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे, पण सुटणे आणि अडकणे यांच्यातले अंतर तेवढेच असते.

पोलाद अधिक कणखर केले तर? तर ते जास्त मागे येईल, पण मग त्याची पातळ पुंगळी ओढून घडवणे अवघड होते आणि ती तडकण्याचा धोका वाढतो. शिवाय पोलाद ताठ असल्याने पुंगळीचे तोंड भिंतीला तितके चांगले चिकटत नाही. कडेने थोडा वायू मागे येतो आणि चेंबरमध्ये काजळी साचते. पोलाद गंजू नये म्हणून त्यावर लाखेसारखा थर देतात. तो वितळून पुंगळी चिकटते असे पुष्कळ जण मानतात. परंतु लाख नसलेल्या, प्लास्टिकचा थर दिलेल्या पुंगळ्यांबद्दलही हीच तक्रार ऐकू येते. तेव्हा सगळा दोष लाखेवर टाकता येत नाही.

कुल्फीचा साचा

आता कुल्फीचा साचा आठवून पाहू. तो निमुळता असतो. कुल्फी एकदा जराशी सरकली की सगळ्या बाजूंनी एकदम सुटते. साचा सरळ नळीसारखा असता तर शेवटपर्यंत घासत ओढावी लागली असती.

कलाश्निकॉव्ह रायफलचे ७.६२ × ३९ मिलिमीटरचे काडतूस असेच निमुळते आहे. त्याची पुंगळी बुडाशी ११.३५ मिलिमीटर रुंद असते आणि खांद्यापाशी सुमारे १० मिलिमीटर. अमेरिकी एआर-१५ आणि तिचे लष्करी रूप एम-१६ यांचे ५.५६ × ४५ मिलिमीटरचे काडतूस लांब आहे, तरी बुडापासून खांद्यापर्यंत ते जेमतेम ०.६ मिलिमीटर निमुळते होते. पहिल्या काडतुसात पोलादाचे कमी आकसणे खपून जाते, दुसऱ्यात खपत नाही. शिवाय कलाश्निकॉव्हचे मागे सरकणारे भाग जड आहेत आणि तिच्या चेंबरला क्रोमियमचा मुलामा असतो. थोडक्यात, ही बंदूक पोलादी पुंगळीशी जुळवून घेते.

पितळही अडकते

मग पितळ वापरले की काळजी मिटली का? इतिहास तसे सांगत नाही. १८८५च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्लीच्या लढाईत ब्रिटिश सैनिकांच्या मार्टिनी-हेन्री रायफली ऐन हातघाईत अडकल्या. त्यांच्या पुंगळ्या पितळेच्याच होत्या, पण पातळ पत्रा गुंडाळून केलेल्या. त्यानंतर एकसंध पितळेच्या, ओढून घडवलेल्या पुंगळ्यांकडे ब्रिटिश लष्कर वळले.

व्हिएतनाममध्ये १९६६-६७ साली एम-१६ रायफलींबाबत हेच घडले. पुंगळ्या चांगल्या पितळेच्या होत्या. पण दारूचा प्रकार बदलला होता, चेंबरला क्रोमियमचा मुलामा नव्हता, आणि रायफल साफ करण्याचे साहित्य व शिक्षण सैनिकांपर्यंत पुरेसे पोचले नव्हते. अडकलेली रायफल हातात असताना सैनिक मारले गेले. अमेरिकी संसदेच्या समितीने १९६७ मध्ये चौकशी केली. चेंबरला मुलामा, दारूत सुधारणा आणि सफाईचे शिक्षण यांनी तक्रारी कमी झाल्या. पुंगळीचा धातू मात्र तोच राहिला.

चाचणी कशी वाचावी?

२०१३ मध्ये अमेरिकेतील एका काडतूस विक्रेत्याने एआर-१५ जातीच्या चार सारख्या रायफली घेऊन प्रत्येकीतून एकाच प्रकारची १०,००० काडतुसे उडवण्याचे ठरवले. पितळी पुंगळ्यांची रायफल एकदाही अडखळली नाही. पोलादी पुंगळ्यांच्या दोन रायफली ९ आणि १५ वेळा अडखळल्या. चौथी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे जिथे पोलाद चालले, तिथे ते हजारात एक-दोनदाच अडले. नेमबाजीच्या सरावात हे चालून जाईल, जिवावरच्या प्रसंगी नाही.

या रायफलींच्या नळ्याही लवकर झिजल्या. पण त्याचे मुख्य कारण पुंगळी नव्हते. स्वस्त काडतुसांतील गोळीच्या आवरणातही तांब्याखाली पोलाद असते आणि ते नळीला घासते. दोन बदल एकाच वेळी झाले की परिणाम कशाचा, हे असे वेगळे काढावे लागते. आणि चौथ्या रायफलीत दोष बंदुकीचा होता की काडतुसाचा? एकाच नमुन्यावरून ते ठरवता येत नाही. वर्गात प्रयोगाची मांडणी शिकवताना विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा हा प्रश्न आहे.

'ही काडतुसे भरवशाची आहेत का?' हा प्रश्न त्यामुळे अर्धाच राहतो. कोणत्या बंदुकीत, कोणत्या आकाराच्या चेंबरमध्ये, किती साफ ठेवलेल्या, हेही विचारावे लागते. भरवसा एकट्या वस्तूत नसतो. तो दोन वस्तूंच्या जुळणीत असतो, आणि ही जुळणी कधी कधी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते.