मध्यम साखळीचा स्नेह आणि मेंदूचें इंधन

तूप, शेंगदाण्याचें तेल व खोबरेल यांना आपण 'स्निग्ध' या एकाच सदरांत घालतों. परंतु आपलें शरीर असा सरसकट हिशेब ठेवीत नाहीं. स्नेहाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेल्या तीन आम्लांच्या साखळ्या होत. तूप व शेंगदाण्याचें तेल यांतील बहुतेक साखळ्यांत कर्बाचे १६ किंवा १८ अणू असतात, त्या लांब. ६ ते १२ अणूंच्या साखळ्यांना मध्यम म्हणतात.

लांब साखळ्या रसवाहिन्यांच्या आडवाटेनें सावकाश रक्तांत मिसळतात. मध्यम साखळ्या आंतड्यांतून थेट यकृताकडे जातात व तेथें लगेच जळूं लागतात. यकृताच्या गरजेहून अधिक झालेल्या भागापासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. यकृताला स्वतःला तीं वापरतां येत नाहींत. तें तीं रक्तांत सोडतें. मेंदू एरव्हीं साखरेवर पोसला जातो; पण साखर कमी पडली म्हणजे तो कीटोनवर काम भागवितो. दीर्घ उपवासांत हेंच घडतें, असें जॉर्ज काहिल व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ सालीं दाखवून दिलें.

या गुणाचा खरा उपयोग अपस्माराच्या मुलांना झाला. १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनीं कीटोन वाढविणारा आहार सुचविला. त्यांत स्नेहच इतका असे कीं, मुलाच्या ताटांत भाताला वा पावाला जागाच उरत नसे. १९७१ सालीं डॉ. हुटेनलोकर यांनीं मध्यम साखळीचा स्नेह योजिला. त्यापासून कीटोन अधिक होत असल्यामुळें थोडीं अधिक धान्यें व फळें देतां येऊं लागलीं. ज्या घरीं औषधांनीं झटके थांबत नाहींत, तेथें ताटांतील एवढी सवलतही मोठी असते. कारण जो आहार मूल खातच नाहीं, तो गुण कसा देणार?

मग खोबरेलच कां घेऊं नये? खोबरेलांत सुमारें निम्मा भाग १२ अणूंच्या साखळीचा असतो, आणि तिचा बराचसा प्रवास लांब साखळीसारखाच होतो. त्वरित कीटोन देणाऱ्या ८ व १० अणूंच्या साखळ्या त्यांत सातव्या-आठव्या हिश्श्याइतक्याच. औषधी तेलांत मुख्यतः याच दोन वेगळ्या काढून घेतलेल्या असतात.

हें तेल शक्तिवर्धक म्हणून बाजारांत मिळतें. परंतु त्याच्या दर ग्रॅममध्यें ८ हून अधिक कॅलरी असतात. नेहमींच्या जेवणावर तें वरून घेतल्यास अंग सडपातळ होणार नाहीं. एकदम अधिक घेतल्यास पोटांत कळा येतात व जुलाब होतात. म्हणून अल्प प्रमाणांत, अन्नाबरोबर आरंभ करावा. मधुमेही व यकृताचे रोगी यांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून त्याच्या वाटेस जाऊं नये. आणि अपस्माराच्या मुलाचें औषध तर या तेलाच्या भरंवशावर एक दिवसही बंद करूं नये. आहारानें गुण आला, तरी औषध कधीं कमी करावयाचें, हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें.