ब्लेकींच्या डाव्या पायाकडे कान ठेवा

जॅझचं लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं की कान आपसूक ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडे जातो. 'अ नाइट ॲट बर्डलँड' ऐकताना मात्र आधी ड्रमरला धरावं. २१ फेब्रुवारी १९५४ च्या रात्री न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात 'ब्लू नोट' या रेकॉर्ड कंपनीसाठी रूडी व्हॅन गेल्डर यांनी हे ध्वनिमुद्रण केलं. ड्रमवर आर्ट ब्लेकी, पियानोवर होरेस सिल्व्हर, बासवर कर्ली रसेल, सॅक्सोफोनवर लू डोनाल्डसन आणि ट्रम्पेटवर तेवीस वर्षांचे क्लिफर्ड ब्राऊन. बीबॉप या आधीच्या जॅझशैलीच्या बुद्धिबळात ब्लूज आणि चर्चच्या गाण्यांचा ठसका परतला, तो हार्ड बॉप. त्याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

'स्प्लिट किक' लावा. ब्लेकींचा डावा पाय हाय-हॅटच्या झांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतो. तो 'चिक्' एकदा सापडला की पुढची धावपळ हरवत नाही. धून ३२ बारांची, म्हणजे चार-चार मात्रांच्या ३२ गटांची. ती संपली की सोलोवाला त्याच स्वरसंगतींवर नवं काहीतरी रचत पुन:पुन्हा फिरतो, आपल्या आवर्तनासारखाच. फेरी संपत आली की ब्लेकींच्या स्नेअर ड्रमवर काठ्यांचा एक सलग रोल हलकेच सुरू होतो, फुगत जातो आणि नव्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर फुटतो. सोलोवाल्याला ढकलण्याची ही त्यांची खास रीत. तिच्यापुढे ढिलं वाजवणं अशक्यच! मागून सिल्व्हरही तुटक, टोचऱ्या स्वरसंगती पेरत राहतात.

स्टुडिओत हे सगळं झालंच असतं, पण श्रोत्यांची दाद आणि ब्लेकींच्या गप्पा कुठून आल्या असत्या? 'अ नाइट इन ट्युनिशिया'आधी ते सांगतात की ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींनी ही धून टेक्सासमध्ये कचऱ्याच्या डब्याच्या बुडावर रचली, तेव्हा आपण तिथंच होतो. खरं-खोटं देव जाणे, सांगण्याचा थाट मात्र ऐकावा.

'वन्स इन अ व्हाइल'मध्ये ब्राऊन संथ धून घेतात. वेग नसतानाही प्रत्येक स्वर गोल, भरीव. सव्वादोन वर्षांनी, जून १९५६ मध्ये, मोटार अपघातात ते गेले.

'क्विकसिल्व्हर'ची दोन वेगवेगळी वादनं आता उपलब्ध आहेत. लागोपाठ ऐकून बघा: धून तीच, सोलो मात्र पार वेगळे.