बारा बंद, सहा गाठी

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका घरात आज्जींनी शिलाई मशीन उजेडासाठी दारातच ओढून घेतलंय. सिद्धेश्वरांची यात्रा तोंडावर आली आहे. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, आणि दोन्हीकडे सात नंदीध्वजांसोबत पांढऱ्याशुभ्र बाराबंद्यांची गर्दी. आज्जींचा नातू यंदा पहिल्यांदा त्या गर्दीत जाणार. त्याच्या बाराबंदीला बाह्या लागल्या आहेत, बगलेत कळ्या बसल्या आहेत. पुढून मात्र ती सताड उघडी आहे. काज नाही, बटण नाही. आता बंद लावायचे.

आज्जी उरलेल्या कापडाच्या दीड इंची पट्ट्या काढतात. कात्रीने नुसती खाच देतात आणि टर्रकन फाडतात, म्हणजे पट्टी धाग्यात सरळ निघते. उरेब कापड गळ्याच्या गोलाईला छान वळतं, पण बंदाला नको; ओढून ओढून ते लांबतच जातं. पट्टीच्या दोन्ही कडा आत, मग मधोमध घडी, नखाने करकचून दाब आणि कडेने टीप. टोक आधीच आत मुडपलेलं, नाहीतर दोन धुण्यांत दशा निघायच्या.

“सहा जोड्या. दोन आत, चार वर,” त्या मला सांगतात आणि नातवाला हाक मारतात. “उभा राहा. हात वर कर. आणखी वर, नंदीध्वजाची काठी धरल्यावानी.”

हात वर जातात तशी बाराबंदी वर सरकते आणि छातीवरचा पदर फाकतो. आज्जी नेमक्या तेव्हाच टाचणी टोचतात. हात खाली सोडून घेतलेलं माप मिरवणुकीत काय कामाचं!

बंद शिवणीत नुसता अडकवला तर पहिल्याच हिसक्याला कापडासकट येतो. म्हणून आत कापडाचा चौकोनी तुकडा, त्यावर बंदाचं मूळ, आणि चौकोन मारून मधून फुली. मशीन तिथे जाड थरावर अडतं. आज्जी चाक हाताने फिरवतात, एकेक टाका मोजून घ्यावा तसं. शेजारच्या मुलाची विकत आणलेली बाराबंदी खुर्चीवर पडली आहे. तिच्यात आतून टिचबटणं, बंद वर नुसते शोभेला. सोय आहे खरी. पण टिचबटण अंगाला एकच माप ठरवून देतं. बंद पोराबरोबर वाढतो, पुढच्या वर्षी गाठ दोन बोटं अलीकडे मारली की झालं. मला तरी हेच पटतं.

“आता तुझं तू बांध.”

वरच्या चार जोड्या तो झोकात बांधतो. आतल्या बंदाला मात्र निरगाठ बसली आहे, ती काही केल्या सुटेना. आज्जी सुईचं टोक गाठीत घालून ती सैल करतात.

“सुरगाठ म्हणलं होतं की नाही?”

“आज्जी, खिसा कुठंय?”

“बाराबंदीला खिसा?”

“मग जत्रेचे पैसे कुठं ठेवू?”

आज्जी त्याच्याकडे बघतात, मग उरलेल्या कापडाकडे. “आतनं लावते. बाबाला सांगू नकोस.”