फाट्यापर्यंतचा टायर

सुरतेतल्या उधना–मगदल्ला रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात गाडी लागली की फिटर आधी उकिडवा बसतो. गिऱ्हाईक भिंतीला टांगलेल्या नव्या मालाकडे बघत असतं; हा जुन्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवतो. हात एका दिशेला सुळकन जातो आणि उलटा फिरवताना कडा बोचतात, म्हणजे अलाइनमेंट गेलंय. दोन्ही बाजू झिजून मधला पट्टा शाबूत असला, तर मालक कमी हवेवर गाडी पळवतो. मधलाच झिजला तर हवा जास्त. नक्षीच्या खोल खाचांत रबराचे बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे, थर त्यांच्या पातळीला आला की टायर संपला.

त्या दिवशी बोलेरो होती. मालक पन्नाशीचे, पांडेसऱ्यात मजुरांची कंत्राटं घेणारे, गाव नवापूरकडचं. बरोबर मुलगा. त्यानं मोबाइलवर फोटो काढूनच आणला होता: जाड बटणांचे, गाडीच्या बाहेर डोकावणारे मड-टेरेन टायर, साइज २३५/७५ आर १५. बोलेरोला कंपनीचे २१५/७५ आर १५ येतात.

फिटर खान्देशातलाच. त्यानं फोटो नीट पाहिला आणि वडिलांना विचारलं, “आप्पा, पावसाळ्यात गाडी शेतापर्यंत नेता का?”

“छे. फाट्यावर लावतो. पुढे ट्रॅक्टर.”

मला वाटतं, खरेदी इथेच निम्मी ठरली. दक्षिण गुजरातपासून खान्देशापर्यंत जी काळी जमीन पसरली आहे, ती ओली झाली की टायरच्या खाचा काही फेऱ्यांत बुजवते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतं. ऑल-टेरेनच्या, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या टायरच्या, खाचा त्या मानानं अरुंद, त्यांत चिकण बसली की सुटत नाही. मड-टेरेनच्या खाचा रुंद असतात, वेगानं फिरताना चिखल भिरकावतात. काळ्या मातीपुढे तेही पुष्कळदा हात टेकतात. शिवाय या बोलेरोला ताकद मागच्या दोनच चाकांची. टायर कितीही दांडगा घेतला तरी पुढची चाकं ओढायला लागणार नाहीत. शेतकरी मंडळी गाडी फाट्यावर ठेवतात ती उगाच नाही.

मुलाला आकडे समजावण्याचं काम फिटरनं मनापासून केलं. २१५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या पंचाहत्तर टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ इंचांची रिम. हिशेब केला तर जुना टायर साधारण ७०३ मिलिमीटर उंच, नवा ७३३. तीन सेंटिमीटर वाढले, पण गाडीचं पोट जमिनीपासून दीडच सेंटिमीटर वर जाणार. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ च्या आसपास असेल. चाक जड झालं की पिकअप मंदावतो, ब्रेकला जास्त राबावं लागतं, डिझेल वाढतं, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चिखलपट्टीला घासतो की नाही ते बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. दीड सेंटिमीटरसाठी एवढं सगळं. मुलगा गप्प झाला, पण नजर फोटोवरच. दिसण्याचा मोह मलाही कळतो. बटणांच्या टायरवर साधी बोलेरोसुद्धा शिकारीला निघाल्यासारखी दिसते.

हा मोह तसा जुना. अमेरिकेतल्या बीएफगुडरिच कंपनीनं १९७६ साली रेडियल ऑल-टेरेन टायर आणला, तेव्हाची कल्पना होती आठवडाभर डांबर आणि सुट्टीत वाळवंट. आपल्याकडे पूर्वी हौशी लोक बाहेरचा माल शोधत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. आज दुकानात सिएटचा झार, अपोलोचा ॲप्टेरा, एमआरएफचा वाँडरर हीच नावं जास्त ऐकू येतात.

सुरतेत ऑल-टेरेन मागणाऱ्यांच्या तोंडी मात्र एकच जागा असते: डुमसचा किनारा. काळी वाळू, खाली गाळ, आणि खंभातच्या आखाताची भरती, जी बघता बघता चाकांपर्यंत येते. जुलै २०२५ मध्ये एक महागडी एसयूव्ही तिथं रुतून बसली आणि तिचे व्हिडिओ देशभर फिरले. किनाऱ्यावर गाड्या नेऊ नयेत असा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. पण वाळूत नक्षीपेक्षा हवा महत्त्वाची, हे त्या हौशींना कोणी सांगत नाही. जिथं वाळूत जायची मुभा आहे तिथले जाणते ३२-३५ पीएसआय हवा १५-१८ वर आणतात. टायर चपटा होऊन त्याचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि वजन पसरतं. मग हळू चालायचं, झटक्यानं वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरावर येण्याआधी पुन्हा हवा भरायची. म्हणजे कॉम्प्रेसर जवळ हवा. तो कोणीच विकत घेत नाही.

ऑल-टेरेनची खरी गरज सुरतेहून पूर्वेला लागते. वघईच्या पुढे डांगच्या जंगलवाटांवर बेसॉल्टचे धारदार दगड असतात. ते नक्षीला फार त्रास देत नाहीत. बाजूची भिंत चिरतात, आणि भिंतीचं पंक्चर निघत नाही. तिथं जाड भिंतीचा टायर पैसे वसूल करतो.

आप्पांची वाट तशीच निघाली. फाट्याच्या अलीकडे सहा-सात किलोमीटर खडीचा रस्ता, बाकी सगळा हायवे. फिटरनं २१५/७५ आर १५ मध्येच ऑल-टेरेन काढले, आणि पहिल्यांदा बाजूवरचे शेवटचे चार आकडे दाखवले. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पडून राहिलेला माल स्वस्तात मिळतो. रबर मात्र दुकानातही म्हातारं होतं. एका टायरची तारीख इतरांपेक्षा फार मागची होती. तो त्यानं न बोलता परत ठेवला. शेठनं काउंटरवरून पाहिलं, बोलला काही नाही.

“पाच घ्या,” फिटर म्हणाला. “स्टेपनी जुनी ठेवली तर खडीवर लावायची वेळ आली की तीच आधी जाईल.”

आप्पांनी चारच घेतले. जुन्यांतला कमी झिजलेला टायर स्टेपनीला चढला. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरलं, रिमवर शिशाचे तुकडे चिकटले, ३२ हवा भरली. डांबरावर थोडा घुंघुं आवाज येईल, सवय होईल, असं फिटरनं सांगून ठेवलं. मुलानं काच खाली केली तेव्हा तो पान्हा पुसत म्हणाला, “वाटेत व्यारा आलं की थांबा आणि नट पुन्हा आवळून घ्या. चाकं आत्ताच चढवलीत, नट ढिले पडतात.”